बिब्याचा घेर

रविवार, १७ जानेवारी १९५४ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी बिब्याच्या झाडाला धोतर गुंडाळले.

झाडाची लाज राखण्यासाठी नव्हे! आरमोरीजवळच्या आमच्या शाळेसाठी मी रानातल्या झाडांची वर्णने लिहीत होतो. 'बिबा: लहान वृक्ष. पाने मोठी, टोकाकडे रुंद. फळ काळे, त्याखालचा देठ फुगलेला, नारिंगी.' चिकाचा रंग पाहण्यासाठी साल खरवडून झाली होती. (रंग फिका. तसे लिहिलेही.) घेर मोजायचा राहिला होता. तळ्यावर स्नानास निघालो असल्याने जवळ फीत नव्हती. धुतलेले धोतर होते.

मोळी घेऊन जाणारी म्हातारी थबकली. "गुरुजी, बिबा उतते जी! आंगाले फोड येतेत."

"तो फळाचा गुण. सालीचा नव्हे," मी सुनावले.

"बरं जी. सालीले सांगून ठेवा."

तेवढ्यात घरून बोलावणे आले. माझ्या मुलीची सोयरीक पक्की करायची की नाही हे ठरवणारे वरपिता एक दिवस आधीच येऊन ठेपले होते! स्नान राहिले. धोतर मी दोरीवर टाकले. पत्नीने ते स्वच्छ समजून पाहुण्यांना आंघोळीनंतर नेसायला दिले.

दुपारी पाहुणे पाटावर चुळबुळू लागले.

"गुरुजी, घरात ढेकूण हायेत का?"

"नाहीत."

"मंग मले कोन खाऊन राह्यलं?"

धोतरावर काळे पट्टे उमटू लागले होते. पत्नीने मला चुलीपाशी बोलावले.

"अवो, हात दाखवा."

"दाखवणार नाही." (ते पाठीमागे होते. बोटांची वांगी झाली होती.)

"सोयरीक मोडली तं पोरगी मले इचारन, तुमाले नाई! सांगून टाका!"

मी ताठ मानेने पाहुण्यांपुढे उभा राहिलो. "आपल्याला बिबा उतला आहे. धोतर माझे, चूक माझी. मुलीचा दोष नाही. सोयरीक मोडायची तर खुशाल मोडा!"

"मोडून जाऊ कुठी?" पाहुणे कण्हले. "बैलबंडीत बसता येत नाई मले! सोयरीक पक्की समजा. पन पयले इलाज करा!"

वरपित्याचे पाय धुणार नाही, असे मी गावभर बजावून ठेवले होते. शब्द पाळला. वाटीभर खोबरेल घेऊन, सुजल्या बोटांनी, मी त्यांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत चोळले. पावलांना हात लावला नाही!