ड्रेसरचा कान

"नाटक आहे," वानखेडे साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "पोराले नोकरी पाहिजे, बाकी काही नाही."

साहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. फाइल शेख युसुफ यांची होती. वय पंचावन्न, पद ड्रेसर, चार महिन्यांपासून कामावर नाहीत. मी त्या खाणीवर वेलफेअर ऑफिसर म्हणून लागून आठ महिने झाले होते. खाण माजरीच्या बाजूला, जमिनीखालची. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

ड्रेसर म्हणजे काय ते आधी सांगते. खाली कोळसा काढला की डोक्यावर दगडाचं छत उरतं. पाळी सुरू होण्याआधी ड्रेसर एका लोखंडी सळईनं ते छत वाजवत जातो. आवाज टणक आला तर ठीक. भद आला तर तिथला दगड सुटलाय. मग तो ते ढेकूळ स्वतः खाली पाडतो आणि नंतरच बाकीची माणसं आत जातात. युसुफभाई बावीस वर्षं हे काम करत होते. त्यांनी "चला" म्हटलं की सेक्शनमधली माणसं आत जायची.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी "चला" म्हटलं आणि तासाभरात छत बसलं. त्यांचा जोडीदार धोंडू याचा एक पाय गेला. युसुफभाईंना खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खाली उतरले नाहीत.

आता "नाटक" का, तेही सांगते. त्या काळी आमच्याकडे नियम होता. कामगार आजारानं कायमचा अनफिट ठरला, तर त्याच्या जागी घरच्या एकाला नोकरी मिळायची. त्यामुळे पन्नाशीनंतर कोणाची कंबर दुखली तरी लोक डोळा मारायचे. युसुफभाईंचा मुलगा सायकल दुरुस्तीच्या दुकानात होता. सगळ्यांनी बेरीज करून टाकली होती. आमच्या रेकॉर्ड रूमचे लांजेवार बाबू युनियनचंही काम बघायचे. ते कौतुकानं म्हणाले, "हुशार निघाला म्हातारा. कंबर काय, कोणीबी तपासते. मन कोण तपासन, जी?"

इतके दिवस गैरहजर असलेला माणूस फिट की अनफिट, हे मेडिकल बोर्ड ठरवायचं, आणि ते सहा आठवड्यांवर होतं. साहेबांचं म्हणणं, तोवर कोणीतरी तज्ज्ञ शोधा, त्याच्याकडून हे खरं की खोटं ते लिहून घ्या आणि फाइल बंद करा.

मी युसुफभाईंना माझ्या केबिनमध्ये बोलावलं. सोबत त्यांच्या बायको जमिलाबी होत्या. युसुफभाई आत आले, आधी टेबल वाजवलं, मग दार, मग माझ्या मागची भिंत. बोटाच्या पेरांनी, हलकेच, कान लावून. नंतर खुर्चीत बसले आणि गप्प झाले. मी प्रश्न विचारत होते आणि ते भिंतीकडे बघत होते.

"घरी बी हेच करून राह्यले, मॅडम," जमिलाबी म्हणाल्या. "स्लॅब ठोकते, कपाट ठोकते. अंगणात खाट टाकून झोपते. पोरं हासते त्याले."

"तुम्हाला काय वाटतं, युसुफभाई? अनफिटसाठी अर्ज करायचा आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. एवढंच. मी डायरीत लिहिलं, "भिंती वाजवतात. बोलत नाहीत." थोड्या वेळानं मी बाहेर आले तर ते दोघं व्हरांड्यात थांबले होते, आणि तिथं युसुफभाई पहिल्यांदा बोलले.

"मॅडम, मले अनफिट नाई व्हाचं. पोराले त्याची दुकान आहे. मी अनफिट झालो तर सारी खाण म्हणन का यानं धोंडूच्या पायावर पोराची नोकरी काढली."

मला वाटलं, आतल्यापेक्षा बाहेर त्यांना मोकळं वाटत असेल. त्यापुढे मी विचार केला नाही.

मग शोध सुरू झाला. कंपनीच्या एरिया हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. युसुफभाई अंगणातच, पण जास्त वेळ झोपू लागले. नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली. तिथल्या कंपाउंडरनं खाणीचं पत्र पाहिलं आणि बाकड्यावरच विचारलं, "फिट पाहिजे का अनफिट?" आत पाच मिनिटं लागली. बाहेर आल्यावर युसुफभाई म्हणाले, "यानं माझं तोंडबी नाई पाह्यलं." चंद्रपुरात एका जिन्यावर "मनाची शक्ती" अशी पाटी दिसली म्हणून चढले, तर ते दहावीच्या मुलांची स्मरणशक्ती वाढवून देणारे निघाले. त्यांनी माझीही वाढवून द्यायची तयारी दाखवली.

गोळ्या देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा, आणि समोर बसवून, आठवड्यामागून आठवडे बोलून उपचार करणारा वेगळा. हा फरक मला माहीत होता. तो कसा माहीत होता, हे मी कोणाला सांगत नव्हते.

चंद्रपुरात एक नायर मॅडम होत्या. नवरा रेल्वेत. बंगलोरला रीतसर शिकून आलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. मी शिकले त्या इंग्लिश मीडियम शाळेत आठवड्यातून दोन दिवस यायच्या. त्यांचं नाव मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी तीन आठवडे नागपूरपर्यंत हिंडले. कारण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता.

तो आलाच.

"शाळेतल्या बाई?" साहेब म्हणाले. "पोरांना समजावणं वेगळं, मिस रामटेके. इथं बोर्ड आहे. यांच्यानं कोणाला फरक पडल्याचं तुम्ही पाहिलंय?"

"एका मुलीला."

"कोण मुलगी?"

"आठवीपासून ती वर्गात बोलत नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची." मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. "मी, सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस लागले?"

"दीड वर्ष."

"आपल्याकडे तीन आठवडे आहेत," ते म्हणाले. "फोन लावा."

ते तीन आठवडे मी खर्च केलेले होते, हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी तो विषय काढला नाही.

नायर मॅडमनी फोनवर दोन अटी घातल्या. खरं की खोटं याचं सर्टिफिकेट देणार नाही. आणि पेशंट माझ्या घरी येईल, तुमच्या ऑफिसात मी येणार नाही. घर म्हणजे रेल्वेचं जुनं दगडी क्वार्टर. दारात त्यांनी माझ्याकडे बघून परक्यासारखा नमस्कार केला. "तुम्ही वेलफेअर ऑफिसर ना?" जुनी ओळख दाखवायची की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. युसुफभाईंकडे वळून मात्र चक्क म्हणाल्या, "बसा भाऊ. काऊन उभे?" वीस वर्षांत त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा जास्त इथली झाली होती.

युसुफभाईंनी भिंत वाजवली. मॅडमनी विचारलं, "काय म्हणते?"

"दीड हात जाड आहे, बाई. पक्की."

"मंग बसा."

मी बाहेर व्हरांड्यात थांबले. दार लोटलेलं होतं. पाचेक मिनिटांनी आतून युसुफभाईंचा आवाज सुरू झाला आणि तासभर थांबला नाही. शब्द कळत नव्हते.

आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. तिसऱ्या खेपेला मॅडमनी, युसुफभाईंची परवानगी घेऊन, मला आत बोलावलं.

"छत का पडलं, हे यांना कोणी सांगितलंय?"

"चौकशी झाली आहे. रिपोर्ट आहे."

"तो यांनी वाचलाय?"

रिपोर्ट इंग्रजीत होता. गोपनीय असा शिक्का होता. एक प्रत माझ्या कपाटात होती आणि ती मी वाचलेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांची लेखी परवानगी घेतली. तेव्हाच्या कायद्यानं बायकांना खाली काम करायला बंदी होती, त्यामुळे छत पडलेली जागा मी पाहिलेली नव्हती. त्या पाळीवर देखरेख करणारे मायनिंग सरदार मारोतीभाऊ यांच्याकडून नकाशा समजून घेतला. मग नायर मॅडमच्या खोलीत बसून सगळा रिपोर्ट मराठीत सांगितला. दगडाचे थर वरच्या वर सुटले होते. आत एक तिरपी चीर होती, ती खालून दिसणारी नव्हती. खालचा थर शेवटपर्यंत घट्ट होता.

"किती वर होती चीर?" युसुफभाईंनी विचारलं.

"सहा फूट."

त्यांनी बोटांनी हवेत सळई धरल्यासारखी धरली. "सहा फुटावरचं माझ्या सळईले कसं समजन? ते तर खालचा थर सांगते. खालचा तर पक्काच वाजला होता." ते माझ्याशी बोलत नव्हते. नंतर माझ्याकडे वळले. "चार महिने हे कागदात होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं कोणी?"

"मी वाचलं होतं," मी म्हणाले. "तुम्हाला सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही."

नायर मॅडम मध्ये पडल्या नाहीत. युसुफभाई उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले. "धोंडूले बी सांगा लागन," म्हणाले.

त्याच रविवारी ते धोंडूच्या घरी गेले. अपघातानंतर पहिल्यांदा. तिथलं मारोतीभाऊंनी मला सांगितलं. धोंडूनं म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि शिवी हासडली, "चार महिने येऊन नाई राह्यला, त्याचा राग आहे मले. पायाचं काय घेऊन बसला बे?"

कारण कळलं म्हणून भीती जात नाही. ती शरीरात बसलेली असते, आणि तिला पायरीपायरीनं उतरवावं लागतं, असं मॅडम म्हणाल्या. पहिले दोन दिवस लॅम्प रूमपर्यंत, म्हणजे खाली जाताना डोक्याचे दिवे मिळतात तिथवर. मग इनक्लाइनच्या तोंडापर्यंत. इनक्लाइन म्हणजे खाणीत उतरणारा तिरपा रस्ता. मग आत थोडं. प्रत्येक वेळी धडधड कमी होईपर्यंत तिथंच थांबायचं, पळून यायचं नाही.

"अशक्य," साहेब म्हणाले. "कामावर नसलेला माणूस खाली पाठवायचा? कोणत्या रजिस्टरात? उद्या काही झालं तर?"

याचं उत्तर मी तयार करून गेले होते. लांब रजेवरून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी ट्रेनिंग सेंटरला रिफ्रेशर कोर्स करावा लागायचा. त्यात इन्स्ट्रक्टरबरोबर खाली जाणंही असायचं. "रिफ्रेशरला लावू या, सर. इन्स्ट्रक्टरबरोबर मारोतीभाऊंना द्या. नियमाबाहेर काहीच नाही."

साहेबांनी नियमाचं पुस्तक मागवलं, दोनदा वाचलं आणि सही केली. "दिसता गरीब, आहात मात्र पक्क्या," म्हणाले.

इनक्लाइनच्या तोंडाशी नायर मॅडम आणि मी दोन खुर्च्या टाकून बसायचो. पुढे आम्हाला जाता येत नव्हतं. पहिल्या दिवशी युसुफभाई दहा पावलांवरून घामाघूम होऊन वळले. मारोतीभाऊ त्यांच्या वाटेत उभे राहिले. "थांब ना भाऊ. घाई कायची आहे? बाया बसल्या आहे बाहेर, हासतीन." युसुफभाई थांबले. पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पन्नास पावलं. चौथ्या दिवशी दोघांचे दिवे वळणाआड गेले आणि थोड्या वेळानं आतून सळईचा आवाज आला. टण्. पुन्हा टण्. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

मेडिकल बोर्डात तीन डॉक्टर होते. युसुफभाईंच्या आधीचे चौघं आपण किती आजारी आहोत ते सांगून गेले होते. हे आत गेले आणि म्हणाले, "साहेब, मले फिट लिहा." डॉक्टरांनी फाइल उलटीपालटी करून पाहिली. एकानं मला बाहेर येऊन विचारलं, "यांना नियम समजावून सांगितलाय ना?" बोर्डानं फिट लिहिलं, पहिले तीन महिने जोडीनं काम करण्याच्या अटीवर. नायर मॅडमकडे ते आणखी पाच-सहा वेळा गेले. स्लॅबखाली झोपायला पावसाळा उजाडला.

पहिली पूर्ण पाळी करून ते माझ्या केबिनमध्ये आले. तोंड कोळशानं काळं, हातात मिठाईचा पुडा.

"मॅडम, एक सांगाचं राह्यलं. तुमची हे भिंत पोकळ आहे."

"कुठली?"

त्यांनी माझ्या मागची भिंत वाजवली. भद. बाकीच्या तिन्ही भिंतींसारखाच तिला ऑइलपेंट दिलेला होता. वर सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर. मी आठ-दहा महिने तिला पाठ लावून बसत होते. "प्लायवूड आहे. पलीकडे रेकॉर्ड रूम. मी त्या दिवशीच वाजवली, म्हणून तर गप बसलो."

माझ्या केबिनमध्ये सकाळी सांगितलेलं दुपारच्या जेवणापर्यंत कॅन्टीनमध्ये कसं पोचायचं, याबद्दल मी प्यूनवर संशय घेत आले होते. आता लक्षात आलं. रेकॉर्ड रूममधून मला कधी आवाज आला नाही, कारण तिथं सगळे गप्प बसून ऐकत असत. आणि ज्या कानावर कोणाचा भरवसा उरला नव्हता, त्यानं पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. मी ते लक्षण म्हणून डायरीत लिहून घेतलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून लांजेवार बाबूंचा आवाज आला. "मॅडम, आमी काई ऐकत नसतो जी."

त्याच दुपारी मी स्टोअरच्या विटांच्या इमारतीत खोली मिळावी म्हणून अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "सध्याच्या केबिनची भिंत पोकळ आहे. तपासणी : शेख युसुफ, ड्रेसर." साहेबांनी एकही प्रश्न न विचारता मंजूर केला.

तेव्हापासून एक सवय लागली आहे. कोणाला मनातलं विचारायचं असेल तर मी आधी भिंत वाजवून बघते.