खंड्याचा उपास

आमच्या खंड्याला हिंदी येत नाही. भोपाळात जन्मलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही अभिमानाची गोष्ट आहे, असं मला गेल्या लग्नसराईपर्यंत वाटत होतं.

त्याला शिकवलं मीच. समोर पोळी ठेवायची आणि मी ‘जेव’ म्हटल्याशिवाय त्यानं तोंड लावायचं नाही! उद्या एखाद्या चोरानं विषाचा तुकडा टाकला, तर तो हिंदीतच काहीतरी म्हणणार. इथला चोर मराठी कशाला बोलेल?

“अहो, पण चोर बोलेलच कशाला?” बायको म्हणाली. (हिला ट्रेनिंगमधलं काय कळतंय!)

भाचीच्या लग्नाला नाशिकला जायचं होतं, म्हणून खंड्याला अयोध्या नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांकडे, सक्सेनाजींकडे ठेवलं. फिरायच्या वेळा, गोचिडांची पावडर, तो कुठल्या कुशीवर झोपतो, सारं समजावलं.

“सगळं सांगितलंत ना?” रिक्षात बसताना हिनं विचारलं.

“अगं, सगळं!”

नाशिकला पोचतोय तोच सक्सेनाजींचा फोन. “भाईसाहब, ये तो कुछ खा ही नहीं रहा! कटोरे के सामने बैठा है, लार टपक रही है, पर मुँह नहीं लगाता.”

लाळेचा मुद्दा मी ऐकलाच नाही. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “माझ्या विरहानं अन्न सोडलंय हो त्यानं!” मी मांडवभर सांगत सुटलो. व्याह्यांना सांगितलं, भटजींना सांगितलं, वाढप्यांनाही सोडलं नाही. एका आजोबांनी तर स्वतःच्या मुलाकडे बघत सुस्कारा टाकला, “आणि हल्लीची माणसं बघा!” मला अगदी धन्य वाटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. खंड्या उठेना. डॉक्टर सलाइन लावून गेले होते. पक्क्या शाकाहारी सक्सेना भाभींनी त्याच्यासाठी अंगणात वेगळी चूल मांडून चिकन शिजवलं होतं! “जब तक ये नहीं खाता, मेरे गले से भी कौर नहीं उतरेगा,” त्या मागून रडत होत्या. आता मात्र माझी तंतरली. खंड्या जातो की काय?

मी व्हिडिओ कॉल लावला. हातात अक्षता घेतलेला निम्मा मांडव माझ्याभोवती जमला. खंड्या भाभींच्या मांडीवर मान टाकून पडला होता. नजर वाडग्यावर.

“अरे सोन्या, माझ्यासाठी असा जीव जाळू नकोस. येतोय मी! जेव रे बाळा, जेव!”

खंड्या ताडकन उठला आणि त्यानं वाडग्यात तोंड घातलं. चिकन साफ! भाभींनी घाईघाईनं खिरीची वाटी पुढे सरकवली. तो थांबला, खाली बसला आणि पुढच्या हुकमासाठी फोनकडे बघू लागला. लाळ गळतच होती.

निम्म्या मांडवाचे डोळे फोनवरून माझ्याकडे वळले.

“अहो,” ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तो शब्द तुम्ही त्यांना सांगितलाच नव्हता?”

“म्हणजे विरह नव्हता तर!” आजोबा म्हणाले. त्यांचा मुलगा पहिल्यांदाच हसला. धरणीमाता दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बिचारं जनावर माझं ऐकून मरायला टेकलं होतं आणि मी त्याचं कौतुक करून घेत फिरत होतो!

पलीकडे भाभी पदरानं डोळे पुसत होत्या. “भैया, इस बेचारे को ऐसा सिखाया किसने?”

मी सगळं धैर्य एकवटलं, खरं तेच सांगायचं ठरवलं, आणि फोन हिच्या तोंडासमोर धरला.