काचेवर नसलेला चरा

फोन हातातून पडला की माणूस आधी काय करतो? पालथा पडलेला फोन उचलतो आणि सुलटा करायच्या आधी क्षणभर डोळे मिटून घेतो. काच शाबूत निघाली की देवाचे आभार मानतो. देव बिचारा कशाला येतोय मध्ये? ती काच तुमच्या खिशात यायच्या आधी घारीच्या नजरेखालून गेलेली असते, आभार मानायचे तर तिचे माना.

घार हे तिचं कारखान्यातलं नाव. घरी ती कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची सून. कारखान्यात मात्र डोक्यावर टोपी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, तोंडावर फडकं, हातात मोजे घालून सगळ्या बायका सारख्याच दिसतात, म्हणून एकमेकींना नावं पडलेली. हिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून ही घार. शेजारच्या टेबलावर तिची थोरली नणंद बसायची. तिला सगळा कारखाना ताईच म्हणायचा, सुपरवायझरसुद्धा.

काम ऐकायला सोपं. समोर काळी पाटी, वर झगझगीत दिवा. फोनची काच दोन बोटांत कडेनं धरायची, दिव्याखाली कलती करायची, एकदा अशी, एकदा तशी. चरा असला तर तो केसासारखा चमकतो आणि लगेच लपतो. चांगली काच निळ्या ट्रेमध्ये, चरा असलेली लालमध्ये. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चऱ्यानं काय होतंय? होतं तर. या काचा वितळलेल्या क्षारात बुडवून कडक केलेल्या असतात. किल्ली घासा, नाणं घासा, त्यांना ढिम्म काही होत नाही. पण वाळूचा एक कण पुरतो, आणि जिथं चरा उमटतो तिथूनच काच पुढं कधीतरी तडकते. लोक म्हणतात, दिसायला वाईट दिसतं. दिसायचं घेऊन काय बसलात? चरा म्हणजे फुटायची सुरुवात, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं.

शिवाय काचेचं एक दुखणं असं, की फार कडक केली तर ओरखडत नाही पण आपटली की फुटते, आणि आपटणं सोसेल अशी केली तर ओरखडे झेलत बसते. दोन्ही गुण एका काचेत पुरते सापडत नाहीत. ताई म्हणायची, नवरा आणि सासू दोन्ही मनासारखे कुणाला मिळालेत? यावर घार हसायची, पण बोलायची काही नाही, कारण तिची सासू म्हणजे ताईची आई.

तर एका सकाळी घारीला काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चरा दिसला. वाकडा, बारीक, शेवटाला गाठ मारल्यासारखा. तिनं काच लालमध्ये टाकली. पुढच्या काचेवर तोच चरा. त्याच्या पुढच्या काचेवरही. पॉलिशच्या यंत्रात काहीतरी अडकलंय, काचेला खरवडतंय, असं तिच्या मनानं घेतलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाल ट्रेंची चळत लागली. तिनं सुपरवायझरला बोलावून सांगितलं. घार सांगतेय म्हटल्यावर त्यानं विचारपूस केलीच नाही, थेट जाऊन पॉलिशवाल्यांना झाडलं. यंत्र बंद झालं, उघडलं गेलं, पुसलं गेलं. आत काही निघालं नाही.

मग सुपरवायझर लाल ट्रे घेऊन तिच्याच टेबलाशी आला. त्यानं एक काच दिव्याखाली धरली, दुसरी धरली. ताईलाही दाखवली. दोघांनाही काही दिसेना. घारीनं ती काच हातात घेतली, आणि चरा तिला ढळढळीत दिसला. सवयीनं तिनं काच फिरवली. काचेवरचा चरा काचेबरोबर फिरतो. हा फिरला नाही. मग दिव्यावर काही असेल म्हणून तिनं मान वर केली, तर चरा दिव्यावर गेला. भिंतीकडं पाहिलं, तर भिंतीवर. सुपरवायझरच्या पांढऱ्या डगल्यावर, ताईच्या कपाळावर, जिथं बघावं तिथं तो आधीच जाऊन बसलेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती म्हणाली काय, तर संरक्षक चष्म्यावर धूळ बसली असेल. चष्मा काढून तिनं खसाखसा पुसलासुद्धा. सुपरवायझर हसला, पॉलिशवाल्यांनी दोन दिवस तिची टिंगल केली, आणि गोष्ट मिटली. म्हणजे इतरांपुरती मिटली.

घारीला घाबरायला कारण होतं. तिच्या आईची नजर ऐन चाळिशीत गेली होती, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. का गेली ते कुणी नीट पाहिलंच नाही. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. आईनं ते किती दिवस लपवलं तेही कुणाला कळलं नाही. एक दिवस ती चालता चालता उघड्या गटारात गेली, तेव्हा घरादाराला कळलं. पुढं घार शाळेतून आली की आईला हाताला धरून बाजारात न्यायची. त्या वयातली पोरगी कधीकधी वैतागायची, आईचा हात हिसडायची. आता तो हिसडलेला हात तिला आठवू लागला.

सांगावं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो सासूला सांगणार, सासू ताईला, आणि ताईच्या तोंडून कारखान्याला. तपासणीच्या टेबलावर डोळ्यानं अधू बाई कोण बसवेल? आणि डॉक्टरकडं जावं, तर डॉक्टर खरंच काहीतरी सांगायचा. ही तिची मोठी भीती. न विचारलेल्या प्रश्नाला निदान उत्तर तरी नसतं.

म्हणून तिनं स्वतःच निदान केलं, आणि ते फक्त काचेच्या कारखान्यातल्या बाईलाच सुचावं असं. काचेची बारीक कणी डोळ्यात गेली असणार, उजव्या बुबुळावर चरा पडला असणार. ठीक आहे. चरा पडलेली काच लगेच फुटत नाही. तिला हिसका बसला नाही, ती आपटली नाही, तर वर्षानुवर्षं तशीच राहते. मग आपण आपटायचंच नाही, की झालं. त्या दिवसापासून बाई स्वतःला काचेसारखी जपू लागली. बसमध्ये खड्ड्याच्या आधी उभी राहायची. पाण्याची बादली उचलायची नाही. खाली वाकायचं नाही, शिंक आली तर नाक दाबून अर्ध्यावर गिळायची. नवऱ्यानं विचारलं, मान धरलीय का? ती हो म्हणाली. त्यानं प्रेमानं मानेला तेल चोळायला घेतलं, तर ही अंग चोरून बसलेली, डोकं हलेल म्हणून. माणूस घाबरलं की त्याला स्वतःचा मूर्खपणासुद्धा शहाणपणा वाटतो, दुसरं काय.

कारखान्यात ती उजवा डोळा बारीक करून डाव्यानं काचा पाहायची. हात मंदावला. निळ्या ट्रेमध्ये काच ठेवताना दरवेळी छातीत धडधडायचं, की चरा असलेली एखादी आपल्या हातून गेली तर? पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? घरी अंधाऱ्या स्वयंपाकघरात शिरलं की डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. मग एका दुपारी नजरेसमोर काजळीचे ठिपके पडले, कुणी काळी मिरी भुरभुरावी तसे. ती संडासात जाऊन दार लावून बसली आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघत राहिली. डावा स्वच्छ, उजव्यात काजळी. तिला रडू येत होतं, पण रडल्यानं डोळ्यावर ताण येईल म्हणून तिनं तेही आवरलं.

आणि मग तो दिवस आला. तिनं नेहमीसारखी काच उचलली आणि धीर करून उजव्या डोळ्यानं पाहिलं. काचेचा खालचा भाग नव्हता. होता, बोटांना लागत होता, पण दिसत नव्हता. नाकाच्या बाजूनं काळी कड वर चढत आली होती. तिच्या हातातून काच सुटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घारीच्या हातून काच पडली, फरशीवर टणकन आपटली, फिरत गेली आणि शाबूत राहिली. आसपासच्या बायका हसल्या. एक म्हणाली, बघा आपला माल.

ताईनं वाकून काच उचलली. उठताना तिनं भावजयीचे डोळे पाहिले आणि तिचं हसू गेलं.

"ताई," घार हळूच म्हणाली, "मला अर्धं दिसत नाहीये."

ताईनं कारखान्यात कधी कुणी केलं नसेल ते केलं. तपासणीच्या खोलीत टोपी काढून टाकली, मोजे काढून टेबलावर फेकले, आणि हिच्या दंडाला धरून सगळ्यांच्या देखत बाहेर काढलं. सुपरवायझर आडवा आला, तर त्याला म्हणाली, बाजूला हो. तो झाला. जिच्या तोंडाला भिऊन घार महिनाभर गप्प बसली होती, ती बाई रिक्षात अवाक्षर बोलली नाही. फक्त खड्डा आला की भावजयीचं डोकं खांद्याशी घट्ट धरायची.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, आत दिव्याचा झोत टाकून पाहिलं आणि विचारलं, कधीपासून? घार म्हणाली, कालपासून. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं सगळं सांगितलं, काच, चरा, शिंका, बादली, आईची गेलेली नजर. बाई तोंड उघडं ठेवून ऐकत राहिल्या. चरा बुबुळावर नव्हताच. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, तो फाटला होता, आणि भिंतीत ओल शिरली की रंगाचे पोपडे सुटतात तसा सुटत चालला होता. पहिला चरा दिसला तेव्हा आली असती तर लेझरनं तासाभरात काम झालं असतं. आता चिरफाड. मधला भाग अजून चिकटून होता, तेवढी आशा. आणखी थोडे दिवस गेले असते तर तीही नव्हती.

शस्त्रक्रिया झाली. पडदा जागेवर दाबून धरायला आत वायूचा फुगा भरला, आणि तो फुगा मागं पडद्याशी राहावा म्हणून तोंड खाली घालून निजायला सांगितलं. घार उशीत कपाळ रुतवून पडून राहिली, आणि दिसेल की नाही, दिसेल की नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. ताई जमिनीवर बसून तिला खालून घास भरवायची. एकदा म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" घार म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं." ताईला हे किती कळलं कोण जाणे. तिनं पुढचा घास पुढं केला.

नजर वाचली. मात्र सरळ रेघ उजव्या डोळ्याला जराशी वाकडी दिसते ती दिसतेच, म्हणून तपासणीचं टेबल गेलं. तिला काचा भरायच्या खोलीत बसवलं. घारीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तिला वेळच नव्हता. कारण डॉक्टरीणबाई आणखी एक गोष्ट बोलून गेल्या होत्या. आईला होतं, तुम्हाला झालं, तर मुलांना घेऊन या.

मूल एकच होतं. जाड चष्म्याची, नववीतली मुलगी. तिला काही त्रास नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि एकदा ठेच लागलेली ही बाई, तिनं काय करावं? आज परीक्षा आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा बघू. स्वतःचा डोळा परवडला, असं तिला वाटायचं. पोरीचा डोळा कुणी भिंग लावून पाहतंय आणि आपण भिंतीला टेकून उभ्या आहोत, या विचारानंच ती तारीख पुढं ढकलायची. शेवटी एका सकाळी पोरगी समोर बसून दूध पीत होती, आणि तिनं डोळ्यांवरची बट बाजूला केली. एवढंच झालं, पण घारीला वाटलं, ही डोळ्यांसमोरचा चरा झटकतेय. घारीनं तिचा कप हातातून काढून घेतला आणि म्हणाली, चल.

पोरगी खुर्चीत रेलली. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर दिवा बांधला, हातात भिंग घेतलं. वर बघ. खाली बघ. उजवीकडे. भिंगाचा हात संथ चालला होता. मग तो थांबला.

"परत वर बघ. अजून वर."

चांगल्या काचेच्या त्याच जागी तपासणारा दुसऱ्यांदा जात नाही. बाई तिसऱ्यांदा तिथंच गेल्या. मग दिवा काढून त्यांनी शांतपणे सांगितलं, की डाव्या डोळ्यात एक पातळ जागा आहे आणि तिच्यात बारीक भोक. पडदा सुटलेला नाही. आजच भोकाभोवती लेझरचे टाके घालू, शाळाही बुडायची नाही. एवढं बोलून त्या पलीकडच्या खोलीत यंत्र लावायला गेल्या.

तपासणीसाठी घातलेल्या थेंबांमुळं पोरीला धड दिसत नव्हतं. तिनं हात हवेत फिरवून आईला शोधलं. घारीची आई अशीच शोधायची. घारीनं तो हात दोन्ही हातांत पकडला.

"आई, काय आहे गं? खरं सांग."

"तुझ्या डोळ्यात भोक आहे," घार म्हणाली. "बारीक आहे. आत्ता बुजवतील. आणि मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," पोरगी म्हणाली, आणि खुर्चीच्या कडेला सरकून तिनं आईला टेकायला जागा करून दिली.