त्सो मोरिरीहून खाली

नवव्या दिवशी आम्ही त्सो मोरिरी तळ्यावर पोचलो तेव्हा माझ्यात गाडीतून उतरायचंही त्राण नव्हतं. गारखेड्यातल्या घरून निघाल्यापासून गाडी एकट्या यांनीच चालवली होती. मला येते चालवता, शाळेत नोकरीला रोज मीच घेऊन जाते; पण हायवेवर यांनी कधी हात लावू दिला नाही. निवृत्तीनंतर आपल्या गाडीनं लडाखची तळी बघायची, हे स्वप्नही यांचंच. मी शेजारी बसून संत्री सोलायची, बाटलीचं झाकण उघडून द्यायचं आणि वळणावर गप्प राहायचं.

आधी लेहला जाऊन दोन दिवस अंगाला उंचीची सवय होऊ द्या, असं मनालीत सगळ्यांनी बजावलं होतं. "तळी वाटेतच आहेत, पुन्हा मागं कशाला यायचं?" म्हणत यांनी फाट्यावरून गाडी आत घातली. पुढं नुसती खडी आणि धूळ. कुठं झाड नाही, माणूस नाही. अंग खिळखिळं झालं. मग दोन डोंगरांच्या मधून निळं पाणी दिसलं.

"आलं हो," मी म्हटलं.

हे एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं कपाळ दाबत होते.

काठावरच्या गावात एका घरी खोली मिळाली. सकाळी उठल्या उठल्या यांना उलट्या सुरू झाल्या. ओठ निळसर पडले होते आणि बुटाची नाडी काही केल्या बांधता येईना. घरमालकीण चहा घेऊन आली. तोल जातो का बघायला तिनं यांना सतरंजीच्या कडेकडेनं चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला हे भिंतीवर जाऊन आदळले. तिनं चहा खाली ठेवला.

"दीदी, इनको नीचे ले जाओ. अभी."

"कोई ड्रायव्हर मिलेगा?"

"सब बकरियाँ लेके ऊपर गए हैं. आपको आती है ना गाड़ी?"

तिनं आणि मी मिळून यांना मागच्या सीटवर बसवलं, उशा लावल्या. मी गाडी चालू केली.

"दुसरा... दुसरा गिअर टाक," हे मागून पुटपुटत होते. "दगड बघ." थोड्या वेळानं आवाज थांबला. आरशात बघितलं तर मान खाली गेलेली.

"अहो! बोलत राहा."

"काय बोलू?"

"चुका काढा माझ्या."

जरा वेळानं आवाज आला, "ब्रेक... लई दाबतेस."

असं करत करत उतरलो. एका ओढ्यात चाक रुतलं तेव्हा मला रडूच आलं. रडत रडतच रिव्हर्स घेतला आणि गाडी बाहेर काढली. सिंधूच्या काठी लष्कराचं ठाणं लागलं. तिथल्या जवानांनी ऑक्सिजन लावला आणि त्यांच्याच गाडीतून आम्हाला लेहच्या दवाखान्यात पोचवलं. उंचीमुळं यांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "आणखी अर्धा दिवस वर राहिला असतात तर..."

तिसऱ्या दिवशी यांच्या तोंडाला जरा रंग आला. माझा हात धरून म्हणाले, "चुकलं माझं. ऐकायला पाहिजे होतं."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. खरं तर मनात खूप साठलं होतं. पण भांडायचं तर अंगात जोर लागतो.

"झोपा आता," मी म्हटलं, आणि बाकावर आडवी झाले.

पँगाँग तळं राहिलंच. आम्ही विमानानं परतलो, गाडी मागून ट्रकवर आली. शेजारीण भेटायला आली तेव्हा हे सोफ्यावर बसून तिला तळ्याच्या निळ्या रंगाविषयी सांगत होते. मी आत भाकरी थापत होते. दोन झाल्या आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं; गेलेलं त्राण अजून परत आलं नव्हतं.