शेंग आणि डोहातला पाटील

मासे धरणाऱ्याच्या घरात मासा एक दिवस टिकतो, गोष्ट जन्मभर. शिवाय मासा शिजला की आकसतो, गोष्ट शिजवावी तशी फुगते! आम्ही तिघांनी किती मासे धरले ते आता विचारू नका. किस्से मात्र अजून ताजे आहेत. वास येत नाही त्यांना.

तिघं म्हणजे आबा, नारायण आणि मी. आबा लोणावळ्याला शंटिंगचे ड्रायव्हर, यार्डातल्या यार्डात डबे मागंपुढं करणारे, आमच्यात वडीलधारे. नारायण फिटर. मी लोकोशेडमध्ये इंजिनं पुसायचो. दुसरी लढाई लागायच्या आधीचे दिवस ते. दिवाळी सरली आणि इंद्रायणीचं पाणी निवळलं, की सुट्टीच्या दिवशी आम्ही तळेगाव स्टेशनावर उतरून वराळ्याच्या अंगाला नदीवर जायचो. ध्यास एकच, खडस. मोठमोठ्या खवल्यांचा मासा, अंगात रेड्याचं बळ. लागला तर माणसालाच ओढून नेतो.

*

होडी आमच्याकडं आली ती एका गोऱ्या साहेबाची. त्याची बदली झाली, जाताना तो आपली कापडी होडी आबांना देऊन गेला. लांबट, दोन्हीकडं निमुळती, दोघांपुरती. आत काठ्यांचा सांगाडा, वरून मेणकापड. मोडली की दोन पोत्यांत मावायची. आबा बघून म्हणाले, "ही तर शेंग!" तेच नाव पडलं.

पहिल्यांदा जोडली तेव्हा एक काठी उरली.

"ही कुठली रं?" आबांनी विचारलं.

"आसूं द्या," नारायण म्हणाला. "इंजिन खोलून जोडलं की एक बोल्ट उरतोच. गाडी चालती का न्हाई?"

आणि ती काठी हातात घेऊनच तो आत बसला. नदीच्या मधोमध गेला आणि शेंग मिटली! नारायण गटांगळी खाऊन वर आला. काठी उंच धरून ओरडला, "आबाऽ, ही मधली हाय!"

*

पोती गाडीत चढवताना लगेजचा कारकून विचारायचा, "काय आहे?" आम्ही सांगायचो, "शेंग." त्याच्या मनानं ते भुईमूगच धरलं. एकदा परतीच्या गाडीला त्याला भूक लागली असावी.

"मूठभर काढा की राव! भाजलेल्या आहेत का कच्च्या?"

पोत्यातून पाणी ठिबकत होतं. नारायण म्हणाला, "भिजवलेल्या!"

*

शेंगेत बसलं की बोलायचं नाही, हा आबांचा कायदा. माशाला आवाज कळतो म्हणे. एकदा आबा पुढं, नारायण मागं. नारायणानं मागून आबांच्या पाठीला बोट लावलं. आबांनी मान हलवली, गप! थोड्या वेळानं पुन्हा बोट. आबांनी वळून असे डोळे वटारले, की नारायणानं दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि मारुतीरायाचं नाव घेत बसला.

काठाला लागल्यावर आबांनी विचारलं, "घाम का रं आलाय एवढा?"

"तुमच्या बुडाखाली साप शिरलाय, पाणदिवड."

"आरं, मग बोलायचं न्हाईस?"

"तुमीच म्हनलासा, बोलायचं न्हाई!"

आबांनी बसल्या जागेवरून उडी मारली, ती नेमकी पाण्यात. पाणदिवड बिचारी कोरडीच राहिली.

*

आबांच्या घरच्यांना आम्ही काकू म्हणायचो. गळाला लावायची कणीक काकू स्वतः मळून द्यायच्या, गूळ आणि बडीशेप घालून. एके दिवशी नदीवर गेलो तर डबा रिकामा.

"आमिष कुटं गेलं?"

नारायण तोंड पुसत म्हणाला, "आमिष? मला वाटलं, काकूनं न्ह्यारी दिलीया!"

संध्याकाळी आम्ही हात हलवत घरी. आबा काकूंवरच उखडले. म्हणाले, "तुझ्या कनकीला आजवर एक मासा लागला न्हाई. लागला तो नारायन!"

काकू चुलीवरून मान न वळवता म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊन गळाला लागलेला एकच हाय. त्याला मी घरात ठिवलाय!"

*

डोहात एक जुना खडस होता. वर आला की पाणी उकळल्यागत व्हायचं. आबा त्याला पाटील म्हणायचे. एकदा परतताना गावच्या पारापाशी आबा मोठ्यानं बोलून गेले, "येत्या खेपंला पाटलाच्या जबड्यात गळ घालून वढतो का न्हाई बघ!"

पुढच्या खेपेला नदीवर गावचे खरे पाटील उभे! संगं दोन गडी, गड्यांच्या हातांत काठ्या.

"मला वढनारा कोन त्यो?"

आबांचा चेहरा राखेसारखा झाला. "तुमाला न्हाई पाटील, माशाला."

"माशाला पाटील का म्हनता?"

आबांना खोटं बोलता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. "अंगानं थोर हाय. जागचा हलत न्हाई. लोकांनी टाकलेलं समदं खातो, पन घावत कुनालाच न्हाई."

गडी नदीकडं बघायला लागले. पाटलांनी गड्यांना काठ्या खाली ठेवायची खूण केली. मग म्हणाले, "केवढा हाय?"

आबांनी दोन्ही हात पसरले.

"बरं." पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "धरलात तर आदी मला दाखवायचा. ल्हान निघाला, तर नाव परत घीन!"

*

त्याच साली आबा रिटायर होणार होते. मग लेकाकडं, नगरच्या बाजूला. काकू म्हणायच्या, "तितं पानी बघायचं तर हिरीत वाकून." दसऱ्यापासून आबांची थट्टामस्करी बंद झाली. "जन्मभर इंजिनं म्होरं-मागं केली," एवढंच मला म्हणाले. "जायच्या आदी पाटलाला एकदा हात लावायचाय."

शेवटच्या खेपेला आबा पुढं, मी मागं. काकूंचीच कणीक. दोर एकदम करकरला आणि शेंग वल्ह्यावाचून निघाली! आबा बोलेनात, मी बोलेना. दोर ताठ झाला की आबा सैल सोडत, सैल झाला की आवळत. यार्डात डबे हलवावेत तसं चाललेलं. काठानं नारायण ओरडत पळत होता, त्याच्या आवाजानं निम्मं गाव गोळा झालं. गावाखालच्या उथळ पाण्यात मासा थकला आणि आडवा झाला. आबांनी उतरून त्याच्या कल्ल्याखाली हात घातला. एकेक खवलं पळीएवढं.

"पाटील, आनतोच दाखवाया!" नारायण काठावरून बोंबलला.

गावचे पाटील तिथंच उभे होते, गुडघाभर पाण्यात आलेले.

आबा माशाकडं बघत राहिले. मग गळ हळूच सोडवला. माशाचं तोंड धारेकडं करून त्याला धरून ठेवलं, त्याचा दम परत येईपर्यंत. आणि हात काढून जोडले.

"राम राम पाटील. येतो आता."

पाणी ढवळलं आणि निवळलं.

पाटलांनी फेट्याला हात लावला. "राम राम आबा. येत जावा. आमी हितंच हाओत."