मिक्सरमधलं भरीत

शेतातल्या भरीत पार्टीचं भरीत मी मिक्सरमध्ये केलं.

हे वाक्य जळगावच्या पूर्वेकडच्या कुणाही माणसाला वाचून दाखवा, तो आधी चष्मा काढेल आणि मग तुमच्याकडे बघेल. तिकडे भरीत ठेचतात. हिरवी लांबोडी वांगी तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात टाकायची आणि मुसळीनं ठेचायची. माझं लहानपण धुळ्यात गेलं असलं, तरी मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला फक्त ते मागासलेलं वाटत होतं.

तेव्हा मी दीपनगरला वीजकेंद्रात होतो. कामावर अत्यंत जबाबदार माणूस. कंट्रोल रूममध्ये एवढी बटणं समोर असायची, पण एकालाही मी कधी उगाच हात लावला नाही. ती सगळी भूक मी घरी येऊन भागवत असे. दारावरची घंटा मी चिमणीसारखी ओरडणारी केली होती. ती पाऊस आला की आपोआप ओरडायची. टेबलपंख्याची मोटर टेपरेकॉर्डरला लावली होती, का ते आता आठवत नाही. मुलाला शाळेत सोडायची पाळी माझी असली, की हमखास माझ्या हातात सोल्डरिंग गन असायची.

लग्नात आलेला मिक्सरही सुटला नाही. त्याचे पहिले दोन वेग मला नेभळट वाटत. मी आतली जोडणी बदलली. आता एकवर लावला तरी तो थेट तीनच्या तावात सुटायचा.

"आता यात चटणी करायची तर ओटा धरून उभं राहावं लागतं," बायको म्हणाली.

"ताकद आहे त्यात," मी म्हणालो.

"मुलाचा हात धरायला ठेवा थोडी."

त्या हिवाळ्यात सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, केळीच्या मळ्यात भरीत ठेवलं. दरवर्षीच ठेवत, पण या खेपेला कारण वेगळं होतं. माझ्या धाकट्या मेहुणीला भुसावळकडचं स्थळ आलं होतं. मुलगा, त्याचे वडील, सगळे बघून गेले होते. सगळ्यांना पसंत. अडलं होतं ते मुलाच्या आत्यापाशी. त्या घरात आत्याबाईंनी मान हलवल्याशिवाय सुपारी फुटत नसे. त्यांना आबांनी मळ्यात बोलावलं होतं, सोबत मुलाचे वडील आणि चार पाव्हणेही येणार होते. मेहुणीला मुलगा मनापासून आवडला होता, हे बायकोनं मला वाटेत बसमध्ये सांगितलं आणि वर म्हणाली, "आज तुम्ही फक्त जेवा."

मी मान डोलावली. मिक्सर माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता.

आबांचा खांदा दुखत होता. ठेचायचं काम त्यांनी मानानं मला दिलं. मी विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून वायर ओढली आणि खाटेवर मिक्सर मांडला.

"जावाईबापू, हे डबडं काहाले आनलं?" आबा म्हणाले.

"आबा, मुसळ उचलायचे दिवस गेले. तुम्ही निवांत बसा."

आबा बसले, पण निवांत नाही.

मी सोललेली वांगी भांड्यात टाकली, बटण एकवर फिरवलं. एक घरघर, आणि वांगी नाहीशी झाली. त्यांच्या जागी राखाडी हिरवट काहीतरी हलत होतं. मला ते फार सुबक वाटलं. कुणी पुढे येऊन बघायच्या आत मी भांड्यामागून भांडी पातेल्यात रिकामी केली. शेवटच्या भांड्याला वांगी जाळावरून नुकतीच काढलेली, वाफाळलेली होती. एवढं शिकलेल्या माणसाला कोंडलेली वाफ काय करते हे कळायला हवं होतं. तिच्याच जोरावर तर आमचं केंद्र चालत होतं.

झाकण उडालं. वांग्याचा एक गोळा नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या टोपीवर बसला. त्यांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, झटकली आणि पुन्हा घातली.

आत्याबाई उठल्या. पातेल्यात पळी बुडवली, वर धरली. त्यातून जे ओघळलं ते सगळ्यांनी पाहिलं.

"हे भरीत व्हय, का भिताडाले लावाचा गिलावा?"

आबांचा चेहरा उतरला. बायको माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. पाव्हण्यांपैकी कुणीतरी चपला शोधू लागलं.

मेहुणीला डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून, आंब्याखाली गप्प बसायला सांगितलं होतं. ती उठली. पदर कमरेला खोचला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊजी, सरका." जाळावर अजून एक घाणा वांगी होती. ती तिनं राखेतून ओढली, बोटं फुंकत सोलली, बडगी पुढ्यात घेतली आणि ठेचायला बसली. मिरच्या, लसूण, कांद्याची पात. मुसळीचा आवाज ठेक्यात यायला लागला, तसा चपला शोधणारा पाव्हणा पुन्हा बसला. मुलगी बघायला आलेल्या माणसांसमोर ती घामाघूम होऊन ठेचत होती, आणि मध्येच मान वर करून तिनं आत्याबाईंनाच हुकूम सोडला, "अक्का, तेवढं मीठ द्या इकडे."

आत्याबाईंनी मीठ दिलं.

पाव्हण्यांना केळीच्या पानावर बडगीतलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळाली. घरच्यांनी पातेल्यातलं खाल्लं, माझ्याकडे बघत. आत्याबाईंनी दोनदा मागून घेतलं. पान दुमडून त्या हसत मेहुणीला काहीतरी म्हणाल्या, तेव्हा मला धीर आला. म्हटलं तर ही सोयरीक माझ्यामुळंच जुळत होती. मी वायर गुंडाळता गुंडाळता तसं बोलूनही दाखवणार होतो.

तेवढ्यात आत्याबाई आबांकडे वळल्या.

"पोरगी पसंत आहे, आबा. पन एक इचारू? मोठीले देली तवा चौकशी नव्हती केली का?"