काट्यावरचा अंगठा

काटा मारणाऱ्याला मी सोडत नाही. कॉलेजची दोन वर्षं मी सेलूच्या बाजारात खोट्या मापांविरुद्ध पत्रकं वाटली. त्यामुळे बाबांचा जिवलग मित्र धान्याचा दुकानदार असावा, हे मला आधीपासूनच खुपायचं. बाबा आणि हे दुकानदार काका शाळेपासून कबड्डी खेळलेले. काका चढाईला, बाबा डाव्या कोपऱ्यात. सरावात समोरासमोर आले की बाबा हटकून काकांचा घोटा धरायचे.

नव्वदचं दशक संपता संपता बाबांना टीबी झाला. औषधं चालू होती, पण ताट भरलेलंच परत यायचं. काकांनी अट घातली, "पन्नास किलो भरला का मैदानात येजो. तवर नाई." आणि दर रविवारी ते बाबांना पोती तोलायच्या काट्यावर उभं करू लागले.

दर रविवारी वजन वाढलेलं. कधी अर्धा किलो, कधी पाऊण. बाबा घरी येऊन दोन भाकरी मागायचे. आई खूश. मी नाही. शर्ट अंगावर तसाच लोंबत होता, मनगटावरचं घड्याळ तसंच कोपराकडे घसरत होतं. शिवाय फुकट तोलून देणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नव्हता.

एका रविवारी मीही गेले. डांडीकडे न पाहता खाली पाहिलं. काकांच्या उजव्या पायाचा अंगठा काट्याच्या पाटावर दाबलेला.

"काका, पाय काढा."

त्यांनी काढला. डांडी पडली. एकोणपन्नासचे सेहेचाळीस झाले. बाबा उतरले, चपला घातल्या आणि निघून गेले.

"झालं समाधान?" काका म्हणाले. "वजन वाढलं म्हटलं का तो जेवते. मंग काय करू मी?"

"आणि खोट्या पन्नासवर ते खेळायला उतरले असते तर?"

"पन्नास मी होऊच देत नव्हतो, पोरी."

माझा विश्वास बसला नाही. पण बाबांनी त्या आठवड्यात ताटाला जेमतेम हात लावला. आईनं एवढंच विचारलं, "हे बी छापशील काय पत्रकात?"

पुढच्या रविवारी बाबा स्वतःच निघाले. मी मागोमाग. ते काट्यावर चढले, उकिडवे बसले आणि त्यांनी काकांचा उजवा घोटा दोन्ही हातांनी धरला.

"आता लाव डांडी."

"सोड बे, गिऱ्हाईक पाहून राह्यलं."

"पाहू दे. तुह्या अंगठ्याचंच वजन तीन किलो हाय. जेवण कमी कर जरा."

साडेपंचेचाळीस. काट्यावर बसून दुसऱ्याचा पाय धरला तर माप चुकतं, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही. घरी येऊन बाबांनी भाकरी मागितली.

खरे पन्नास भरायला सात महिने लागले. दर रविवारी मी खाली वाकून पाय पाहायची आणि काका दोन पावलं मागं सरकून विचारायचे, "झाली का तपासणी, मॅडम?"

पहिल्याच सरावात काका चढाईला आले ते थेट डाव्या कोपऱ्याकडे. बाबांनी घोटा धरला, काका आडवे. मला मात्र तो पाय तिथं गरजेपेक्षा जास्त थांबलेला दिसला. मी दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, घोटा पकडला की पकडू दिला? अजूनही विचारते.

बाबा म्हणतात, "पकडला."

काका म्हणतात, "पकडला ना त्यानं."

इतकं एकसारखं बोलणाऱ्या दोन माणसांवर माझा विश्वास नाही.